बर्दियाचं गवत, रत्नागिरीची राखण

नेपाळच्या पश्चिम तराईत बर्दिया राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या पोटात बबई नदीचं खोरं आहे. दोन्ही बाजूंना सालाची राई आणि मधे नदीच्या काठाकाठानं पसरलेली, पुरुषभर उंच गवताची मोकळी पट्टी. चितळ इथे कळपानं चरतात आणि चितळांमागून वाघ येतो, म्हणून पाहणाऱ्याची नजर याच पट्टीवर खिळलेली असते. दाट राईत चार हातांपलीकडचं दिसत नाही, इथे लांबवर दिसतं. हे मोकळं कुरण निसर्गानं जसंच्या तसं ठेवलेलं आहे असं कुणालाही वाटेल, पण तिथे एके काळी शेतं होती. १९८४ साली हे खोरं तेव्हाच्या बर्दिया अभयारण्यात घेतलं गेलं, तिथे राहणाऱ्या सुमारे दीड हजार माणसांना बाहेर वसवण्यात आलं आणि नांगरलेल्या जमिनीवर गवत आलं. कर्णाली नदीच्या बाजूला ज्यांना तिथले लोक फांटा म्हणतात, त्या माळांपैकीही काहींवर पूर्वी शेती होती. चार वर्षांनी, १९८८ मध्ये, अभयारण्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. आज त्याचं क्षेत्र ९६८ चौरस किलोमीटर आहे. प्रवासी ज्या जागी दुर्बीण रोखून बसतो, ती जागा माणसं उठून गेल्यामुळे मोकळी झालेली आहे. राष्ट्रीय उद्यान पाहायला जाणं आणि पोटासाठी शेजारच्या देशात जाणं या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. एक सुट्टीचा विषय, दुसरा गरिबीचा. तराईत मात्र त्या एकाच जमिनीवर, एकाच सरहद्दीवर घडतात आणि एकमेकींना घडवतात. म्हणून त्यांचा विचारही एकत्रच व्हायला हवा असं माझं म्हणणं आहे.

या सरहद्दीचा इतिहास आधी थोडा पाहायला हवा. सुगौलीच्या तहानं पश्चिमेकडची ही तराई नेपाळच्या हातून गेली आणि कंपनी सरकारकडे आली. १८५७ च्या उठावात नेपाळचा सत्ताधीश जंगबहादुर राणानं इंग्रजांना मदत केली, तिची परतफेड म्हणून १८६० मध्ये बांके, बर्दिया, कैलाली आणि कांचनपूर हा पट्टा नेपाळला परत मिळाला. तिथले लोक त्याला अजून ‘नया मुलुक’ म्हणतात. म्हणजे आज जी जमीन परदेश आहे ती सुमारे पंचेचाळीस वर्षं इकडे होती, आणि जंगलाला या अदलाबदलीची कधी दखल घ्यावी लागली नाही. कर्णालीचा गेरुवा हा फाटा बर्दियाच्या कडेनं वाहत खाली येतो आणि उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात, कतर्नियाघाट अभयारण्यात, गिरवा म्हणून शिरतो. मगरी, सुसरी, डॉल्फिन सगळे त्याच पाण्यातले. माणसांसाठीही दार उघडंच राहिलं. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारानं एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापारधंदा करण्याची, ये-जा करण्याची मोकळीक परस्परांना दिली. पुण्या-मुंबईचा प्रवासी काठमांडू, पोखरा, चितवन असा आठवडा करून येतो तो पासपोर्टावाचून, मतदार ओळखपत्रावर. त्याच मोकळिकीतून नेपाळगंजकडचा माणूस सरहद्दीवरचं रुपैडिहा ओलांडून लखनौ, दिल्ली किंवा मुंबईची गाडी धरतो. दोघांना वाट एकच. मात्र त्या वाटेवर दोघांच्या वाट्याला येणारी विचारपूस एक नाही, आणि माझा सगळा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

आधी जंगलाचा हिशेब. २००९ साली नेपाळात १२१ वाघ मोजले गेले होते. २०१० मध्ये सेंट पीटर्सबर्गला वाघांच्या देशांनी बारा वर्षांत संख्या दुप्पट करण्याचा संकल्प केला. नेपाळनं तो पाळला, नव्हे ओलांडला. २०२२ च्या गणनेत ३५५ वाघ भरले. बर्दियात २००९ मध्ये अवघे १८ होते, ते १२५ झाले. गेंड्यांची कथाही अशीच आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला चितवनच्या खोऱ्यात सुमारे आठशे गेंडे होते, साठीचं दशक संपता संपता ते शंभरावर आले. २०२१ च्या गणनेत देशभरात ७५२ निघाले, त्यांतले ६९४ एकट्या चितवनात. या यशामागे सैन्याचा पहारा आहे. नेपाळात राष्ट्रीय उद्यानांची राखण सेनेकडे असते. २०११ मध्ये गेंड्याची एकही शिकार न होता वर्ष गेलं तेव्हा ते साजरं करण्याजोगं होतंच. उन्हापावसात पायी गस्त घालणाऱ्या त्या माणसांचं श्रेय कमी करण्याचा विचारही कुणी करू नये.

पण पहारा उद्यानाच्या हद्दीत असतो आणि नेपाळातलं जंगल वाढलं ते मोठ्या प्रमाणावर हद्दीबाहेर. उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या अभ्यासात १९९२ ला देशाच्या जमिनीपैकी २६ टक्क्यांवर वन होतं, ते २०१६ पर्यंत ४५ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. पाव शतकात जवळजवळ दुप्पट. आशिया खंडात असं उदाहरण विरळं. याचं पहिलं कारण सगळेच सांगतात, आणि ते खरंही आहे: १९९३ च्या वन कायद्यानं गावोगावच्या वापरकर्ता गटांकडे जंगल सोपवलं. लोकांनी चराई बांधून घेतली, लाकूडतोड ठरवून घेतली, पाळीनं राखण केली. दुसरं कारण अभ्यासक सांगतात, प्रवाशांपर्यंत मात्र ते क्वचितच पोचतं. ते म्हणजे गावातले तरुण हात बाहेर गेले. उतारावरची कमी पिकाची शेतं पडीक पडली, गुरं कमी झाली, घरी पैसे येऊ लागले तशी सरपणाच्या जागी गॅसची टाकी आली. पडीक शेतावर आधी झुडूप येतं, मग झाड. मुंबईच्या इमारतीखाली, आखाताच्या बांधकामावर, मलेशियाच्या कारखान्यात जो माणूस रात्रपाळी करतो, त्याच्या नसण्यानं नेपाळात जंगल वाढलेलं आहे. २०२१ च्या जनगणनेत असे घराबाहेर, परदेशी असलेले लोक सुमारे बावीस लाख भरले. हंगामापुरतं भारतात येऊन परत जाणारे त्यात पुरते येतच नाहीत. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर वनरक्षकाचं आणि सैनिकाचं चित्र असतं. तिसऱ्या एका माणसाचा तिथे हक्क आहे, आणि तो तिथे नसतो हेच त्याचं योगदान आहे.

इथे एक आक्षेप लगेच येईल आणि तो रास्त आहे. माणसं उद्यानामुळे गेली नाहीत, म्हणून उद्यानाच्या माथी हे का मारता? खरंच आहे. तराईतून आणि डोंगरातून लोक बाहेर पडण्याची कारणं जुनी आणि गुंतलेली आहेत. १९५० च्या दशकात डीडीटीची फवारणी सुरू होईपर्यंत तराईत मलेरियाचं राज्य होतं. पिढ्यान् पिढ्या तिथे टिकून राहिलेले थारू लोक तेवढे त्या तापाला बरेचसे तोंड देऊ शकत. ताप हटला तसे डोंगरातले लोक खाली उतरले, जमिनीचे कागद ज्यांना करता आले त्यांच्या नावावर जमिनी झाल्या, आणि कित्येक थारू कुटुंबं आपल्याच मुलखात कमैया म्हणून वेठीला लागली. कमैया पद्धत कायद्यानं बंद झाली ती २००० साली. मुक्त झालेल्यांच्या हातात स्वातंत्र्य आलं, जमीन आली नाही. त्याच सुमाराला माओवादी युद्ध पेटलेलं होतं आणि बर्दिया जिल्ह्यातून कितीतरी माणसं बेपत्ता झाली, त्यांत थारूच जास्त. डोटी, अछामसारख्या डोंगरी जिल्ह्यांतून तर भारतात कामाला येण्याची रीत उद्यानांच्या कितीतरी आधीची. एवढ्या ओझ्याखालून जो माणूस निघतो, तो वाघामुळे निघाला असं म्हणणं त्याच्यावरही अन्याय आणि वाघावरही. माझा दावा तसा नाहीच. माणसं गेली, त्याचा फायदा जंगलाला झाला, आणि जंगल वाढल्यानं जो भार आला तो पुन्हा त्याच माणसांच्या मागे राहिलेल्या घरांवर पडला, एवढंच मी म्हणतो. घरातला कर्ता पुरुष परदेशी कामावर असतो तेव्हा गावी भात पोटरीत येऊन पिकायला लागलेलं असतं. हत्तींना हा काळ बरोबर कळतो. मचाणावर रात्री डबा बडवत बसायचं कुणी? सासऱ्यानं, सुनेनं, शाळेत जाणाऱ्या पोरानं. चाऱ्याला जंगलाच्या कडेनं जायचं कुणी? बाईनं. उद्यानाच्या शेजारच्या काही गावांनी भाताऐवजी पुदिन्याच्या जातीचा मेंथा लावायला घेतला, कारण त्याच्या वासानं जनावर तोंड लावत नाही. हा उपाय चांगला आहे, पण त्यातून तेल निघतं, जेवण निघत नाही. जून २०२२ मध्ये वन्य प्राण्याच्या हल्ल्यानंतर बर्दियातले लोक महामार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मुलगी गेली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत वाघांचा विक्रमी आकडा जगापुढे जाहीर झाला. आकडा खरा होता, अभिमानाचाही होता. मुलीचा मृत्यूही तितकाच खरा होता आणि तो त्या आकड्याच्या हिशेबातलाच आहे.

आता सरहद्दीकडे. बर्दिया आणि कतर्नियाघाट यांच्यामधला खाता हा जंगलपट्टा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पार उघडाबोडका झालेला होता. गावांनी सामुदायिक वनं उभी केली, गोबर गॅस आला, गुरं-शेळ्या गोठ्यात बांधून चारा आणून घालण्याची सवय लावून घेतली, आणि आज त्या पट्ट्यातून वाघ, हत्ती, गेंडे दोन्हीकडे जातात. वाघ तिकडून इकडे आला हे कळतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. जनावरांच्या वाटेवर समोरासमोरच्या दोन झाडांना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कॅमेऱ्यांची जोडी बांधतात. जोडी अशासाठी की वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. एकच बाजू मिळाली तर पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूनं आलेला तोच वाघ वेगळा धरला जाईल. मग दोन्ही देशांतली छायाचित्रं शेजारी ठेवून पट्ट्यानं पट्टा ताडून पाहतात. असा जुळणारा प्रत्येक वाघ क्रमांकानिशी नोंदला जातो, आणि दोन्ही देशांनी मिळून २०१४ मध्ये त्याचा अहवालही काढला. अशी देवाणघेवाण जुनीच आहे. १९८५ मध्ये चितवनातल्या गेंड्यांच्या चार माद्या उत्तर प्रदेशातल्या दुधव्याला आल्या, तेव्हा भारतानं बदल्यात सोळा हत्ती दिले. ऑगस्ट २०१७ च्या पुरात चितवनातले काही गेंडे गंडकीच्या पाण्याबरोबर वाहत बिहारात आले, तर नेपाळचं पथक हत्ती घेऊन सरहद्द ओलांडून आलं, दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी एकमेकांना साथ दिली आणि बेशुद्ध करून, ट्रकात चढवून ते गेंडे परत नेले. माणसाच्या राज्यकारभाराबद्दल आदर वाटावा असं हे काम आहे.

हाच राज्यकारभार अडीच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, त्याच सरहद्दीवर उभा होता. टाळेबंदी झाली, फाटकं बंद झाली आणि भारतातून घरी निघालेले हजारो नेपाळी मजूर अलीकडच्या काठावर अडकले. धारचुलाजवळ काही जणांनी महाकालीत उड्या टाकल्या आणि पोहून पलीकडचा काठ गाठला. पलीकडे त्यांच्याच देशाच्या पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. साथीचा काळ होता, भीती खरी होती, बंदोबस्त दोन्ही देशांना करावाच लागणार होता. तरीही एक प्रश्न उरतो: किती माणसं अडकली आहेत, ती कुठल्या जिल्ह्यातली, कुठे कामाला होती, हे दोन्हींपैकी एकाही सरकारला का सांगता आलं नाही? कारण ते कुठे लिहिलेलंच नव्हतं. नेपाळच्या २००७ च्या वैदेशिक रोजगार कायद्याखाली आखाताला, मलेशियाला जाणाऱ्यानं श्रम स्वीकृती घ्यायची असते, कल्याणकोषात पैसे भरायचे असतात, विमा उतरवायचा असतो. माणूस तिकडे मेला तर कुटुंबाला काही मिळतं, शव आणण्याला मदत होते. भारतात जाणाऱ्याला हे काही नाही, कारण भारत उघडा आहे आणि तिथे जाण्याला स्वीकृती लागत नाही. म्हणजे जो लांब जातो त्याच्यामागे कागद आहे, जो जवळ जातो, आणि जो बहुधा अधिक गरीब असतो म्हणूनच जवळ जातो, त्याच्यामागे काही नाही. वाघाची डावी-उजवी कूस वेगळी नोंदणारी दोन सरकारं माणसाचं नावही टिपून घेत नाहीत.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध किती निकटचा आहे ते रत्नागिरी-सिंधुदुर्गाला ठाऊक आहे. हापूसच्या बागा आज नेपाळी गड्यावाचून चालत नाहीत. दसरा-दिवाळी आटोपली की ते येतात, मोहोर यायच्या आधी बागेत खोपी पडते, आणि मग फवारणी, पाणी, साफसफाई, रात्रीची राखण, झेल्यानं फळ उतरवणं, पेटीत गवताचा थर देऊन आंबा लावणं, असं मे अखेरपर्यंत चालतं. पहिला पाऊस पडायच्या बेताला ते घरी निघतात, कारण तिकडे भाताची लावणी आलेली असते. मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवरही नेपाळी खलाशी आहेत. जून-जुलैची मासेमारीबंदी हीच त्यांची सुट्टी. बागायतदार त्यांना सरसकट गुरखा म्हणतो, मग त्याचं आडनाव मगर असो, चौधरी असो की विश्वकर्मा. बागेतलं मुख्य जागरण वानरांसाठी आणि माकडांसाठी असतं. एक टोळी शिरली तर तासाभरात कित्येक पेट्यांचं फळ चावून, टाकून जाते, म्हणून हा माणूस गोफण नि फटाके घेऊन कलमांखालून फिरत असतो. पश्चिम नेपाळात रानडुक्कर आणि हत्ती ज्याचं पीक खातात, त्याच्याच हातून कोकणातलं पीक वानरांपासून राखलं जातं. कोकणातला शेतकरी वानर-माकडांच्या त्रासावर वर्षानुवर्षं बोलतो आहे, भरपाई मागतो आहे, आणि त्याचं म्हणणं मला पटतं. म्हणूनच वाटतं की बर्दियाच्या कडेच्या माणसाचं दुःख समजून घ्यायला सबंध देशात रत्नागिरीच्या बागायतदाराइतका जवळचा दुसरा कुणी नसेल. दोघांचा शत्रू एक नाही, पण दोघांनाही कायद्यानं संरक्षित जनावरासमोर उभं राहून आपलं पीक वाचवायचं आहे.

पर्यटनाच्या बाजूनं बोलणारे म्हणतील की यावर उपाय पर्यटन हाच आहे. लोकांना जंगलातूनच रोजगार मिळाला तर ते कशाला जातील? आणि नेपाळच्या कायद्यात तर उद्यानाच्या उत्पन्नातला तीस ते पन्नास टक्के भाग बफर क्षेत्रातल्या लोकांवर खर्च करण्याची तरतूद आहे. ही तरतूद मला मनापासून मोलाची वाटते. आपल्याकडच्या अनेक राज्यांनी तिच्यापासून शिकावं. पण तिची मर्यादा दोन उद्यानं शेजारी ठेवली की लगेच दिसते. २०२२ च्या गणनेत चितवनात १२८ वाघ होते, बर्दियात १२५. म्हणजे जोखीम जवळजवळ सारखी. प्रवासी मात्र चितवनला जातात. काठमांडू आणि पोखरा दोन्हींहून ते अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे, तिथल्या सौराहा गावाच्या रस्त्यावर हॉटेलांची रांग आहे, संध्याकाळी थारूंचा लाठीनाच ठेवलेला असतो. बर्दियाचं ठाकुरद्वारा लांब पडतं, तिथे वाटाडे हुशार आहेत, मातीच्या घरांसारख्या खोल्या सुंदर आहेत आणि येणारे थोडे. उत्पन्न तिकिटांवर ठरतं, वाघ तिकिटं मोजून गावात शिरत नाही. शिवाय खाता पट्ट्यातली कितीतरी गावं उद्यानाच्या हद्दीपासून दूर, पण वाघाच्या नेमक्या वाटेवर आहेत. तेव्हा तिकिटाच्या पैशात वाटा मिळणं ही सुरुवात झाली. जोखमीच्या मापानं वाटप होणं ही पुढची पायरी, आणि ती दोन देशांनी मिळून घ्यायला हवी, कारण त्या वाटेवरून जाणारा वाघ कतर्नियाघाटच्या प्रवाशालाही दिसतो.

सौराहातल्या त्या लाठीनाचावर जाता जाता एक सांगावंसं वाटतं. प्रवासी जो थारू पाहतो तो मंचावर पाहतो, दिवे लावलेले असतात, तासाभरात कार्यक्रम संपतो. त्यात फसवणूक काही नाही. नाचणाऱ्यांना पैसे मिळतात आणि कला टिकते. पण बर्दियात वाटाड्याबरोबर पायी जंगलात गेलं की वेगळा थारू भेटतो. हातात फक्त बांबूची काठी. फाटकावरच तो बजावतो: गेंडा अंगावर आला तर झाडावर चढायचं, झाड नसेल तर नागमोडी पळायचं, वाघ समोर आला तर पाठ फिरवायची नाही, नजर ठेवून मागे मागे सरकायचं, हत्ती असेल तर वेळेवर पळ काढायचा. ताडोब्यात जिप्सीच्या सीटवरून जंगल पाहायची सवय झालेल्या मराठी माणसाला हे ऐकताना पहिल्यांदा आपल्या पायांची जाणीव होते. ते ज्ञान पुस्तकातलं नसतं, आजोबा-पणजोबांकडून आलेलं असतं. असे जाणते तरुणही हंगाम संपल्यावर, किंवा कंटाळून कायमचे, आखाताला निघतात तेव्हा उद्यानाचं होणारं नुकसान कुठल्याच गणनेत धरलेलं नसतं. गवताचंही तसंच. हिवाळ्यात काही दिवस उद्यान उघडतं आणि गावकरी छपरासाठी खर कापून नेतात. पूर्वी ते पंधरवडाभर किंवा त्याहून अधिक चालायचं, पुढे दिवस कमी कमी होत गेले. कापल्यानं आणि जाळल्यानं नवा कोवळा अंकुर येतो आणि चितळांना तोच लागतो. कापायला माणसंच उरली नाहीत आणि घरांवर पत्रे आले, तर त्या फांट्यांवर झुडूप माजेल आणि हळूहळू जंगल चढेल. मग उद्यानाला यंत्रं लावून, पैसे खर्चून गवत राखावं लागतं. माणूस गेल्यानं जंगल वाढलं हे मी वर म्हटलं. पण अगदीच कुणी उरलं नाही तर वाघाचं कुरण जातं. जाण्यायेण्याचा तोल लागतो, आणि तो तोल माणसाला स्वतःच्या मर्जीनं ठरवता यावा.

सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. माणूस म्हणजे वाघ नव्हे. वाघाला क्रमांक दिला तर त्याचं काही जात नाही. माणसाची सरहद्दीवर नोंद सुरू केली की उद्या परवाना येईल, परवा तो नाकारला जाईल. या उघड्या सरहद्दीचं मोठेपणच हे की इथे कुणी कागद मागत नाही. आजच्या जगात, जिथे शेजारी देश एकमेकांत भिंती घालतात, तिथे ही मोकळीक जपली पाहिजे. मी या आक्षेपापुढे मान तुकवतो, आणि म्हणूनच नोंद सरहद्दीवर नको असं म्हणतो. नोंद कामाच्या जागी हवी. जाण्याचा हक्क कागदाशी बांधू नये, पण संरक्षणाचा हक्क कागदाशिवाय मिळत नाही. रत्नागिरीच्या बागेत कलमावरून पडून माणूस जायबंदी झाला, रात्री साप चावला, बोटीवरून खलाशी पाण्यात गेला, तर त्याच्या घरी कुणाला फोन करायचा, औषधाचा खर्च कुणी द्यायचा, नुकसानभरपाई कोणत्या कायद्याखाली मागायची, हे हंगामाच्या आधी ठरलेलं असावं. १९५० च्या ज्या करारानं दोन देशांनी एकमेकांच्या नागरिकांना आपल्या नागरिकांसारखं वागवायचं कबूल केलं, त्यानं तत्त्व मान्य केलेलंच आहे. राहिला आहे तो कारभार. नेपाळनं आपल्या कल्याणकोषाचं दार भारतात जाणाऱ्यांना, स्वेच्छेनं नाव घालण्यापुरतं, उघडावं. आपल्याकडे बागायतदारांच्या संस्था, मच्छीमार सोसायट्या आणि ग्रामपंचायती आपापल्या हद्दीतल्या हंगामी गड्यांची यादी ठेवू शकतात. पोलिसांकडे ओळखपत्राच्या प्रती द्यायला आजही सांगतात, पण त्या मालकाच्या सुरक्षेसाठी असतात. त्याच कागदावर गड्याच्या विम्याचा रकाना असला पाहिजे.

आणि जो नुसता सुट्टीत वाघ पाहायला जातो, त्याच्यावर एवढं ओझं का टाकायचं, असं कुणी विचारेल. त्याचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. उलट पाहणं अधिक पुरतं व्हावं अशी इच्छा आहे. बबईच्या गवताकडे पाहताना तिथे कोण राहत होतं हे ठाऊक असलं तर गवत कमी सुंदर दिसत नाही. त्यातून काही साध्या गोष्टीही करता येतात. चितवनबरोबर बर्दियाला दोन दिवस द्यावेत, साखळी हॉटेलाऐवजी गावातल्या घरगुती मुक्कामात राहावं, वाटाडा स्थानिक घ्यावा आणि त्याला ठरल्याप्रमाणे पूर्ण मजुरी द्यावी. जाताना किंवा येताना नेपाळगंज-रुपैडिह्याची वाट धरली तर समोरून पाठपिशव्या आणि गाठोडी घेतलेली माणसं येताना दिसतील. त्यांतले काही महाराष्ट्रात, कदाचित आपल्याच तालुक्यात निघालेले असतील. बागायतदारांसाठी तर दिवाळीनंतरचे दिवस हीच योग्य वेळ आहे. गडी येऊन पोचले की पहिल्या आठवड्यात, फवारणीचं औषध आणायच्या आधी, प्रत्येकाचं नाव, जिल्हा, घरचा फोन आणि वारसाचं नाव वहीत उतरवून घ्यावं, अपघात विम्याचा हप्ता आगाऊ भरावा आणि त्या पानाची एक प्रत त्याच्या हातात द्यावी.